न दिलेली ऑर्डर

इंग्रजी मी शिकलो ती एका माणसाचा सूड घ्यायला. क्लासमधल्या मुलांना मी असं सांगत नाही. त्यांना सांगतो, पोटासाठी शिकलो. ते ऐकून त्यांच्या आयांना बरं वाटतं. पण खरं ते पहिलंच वाक्य आहे, आणि आता ते लिहायला हरकत नाही, कारण सूड घेऊन झालेला आहे.

क्लास ठाकुर्लीला, पिठाच्या गिरणीच्या वर. खाली गिरणी सुरू झाली की वर फळा थरथरतो. बोटीवर इंजीन असंच धडधडत असतं, आत्तापासून सवय करा, असं म्हणून मी वेळ मारून नेतो. मुलं कळव्याहून, दिव्याहून, टिटवाळ्याहून येतात. कोणाचा मामा मर्चंट नेव्हीत असतो, कोणाचा शेजारी. सगळ्यांना बोटीवर खलाशी म्हणून लागायचं असतं, आणि सगळ्यांना वाटतं की इंग्रजी म्हणजे इंटरव्ह्यूत स्वतःबद्दल फाडफाड बोलणं. ते मी शेवटी शिकवतो. आधी ऐकायला शिकवतो.

बोटीवर एक पद्धत आहे. ऑफिसरने ऑर्डर दिली की खलाशाने तीच ऑर्डर त्याच शब्दांत परत बोलायची, मग काम करायचं, मग झालं म्हणून पुन्हा सांगायचं. तो म्हणाला ‘स्टारबोर्ड टेन’, म्हणजे सुकाणू उजवीकडे दहा अंश, तर तुम्ही म्हणायचं ‘स्टारबोर्ड टेन, सर’. नुसतं ‘यस सर’ चालत नाही. तुम्हाला नक्की काय कळलंय हे समोरच्याला ऐकू आलं पाहिजे. आमची मुलं मात्र ‘यस सर’मध्ये तरबेज. कळलं तर यस सर, नाही कळलं तर जास्त जोरात यस सर. घरात बापाला आणि शाळेत मास्तरांना उलट विचारणं म्हणजे उद्धटपणा, हे लहानपणापासून अंगात मुरलेलं. माझ्या क्लासात जो ‘यस सर’ म्हणेल तो तास संपेपर्यंत उभा.

“सर, घरी पण सवय लागली,” कळव्याचा एक पोरगा सांगत होता. “आई बोलली, दूध आण. मी बोललो, दूध आण, आई. लाटणंच फेकलं तिने.”

“मग आणलंस का दूध?”

“आणलं ना. आणि आल्यावर ‘दूध आणलं, आई’ पण बोललो. मग दुसरं लाटणं.”

“दोन लाटणी आहेत तुमच्याकडे?”

“नाही सर, तेच. तिने उचलून ठेवलेलं.”

पोरं हसतात, मीही हसतो. हा माणूस ‘यस सर’वर एवढा का भडकतो, हे त्यांच्यातल्या कोणी अजून विचारलेलं नाही. म्हणजे आता विचारायची गरजही राहिलेली नाही.

माझा एक मित्र आहे, बाळकुमचा. ‘आहे’ असं लिहिलंय, ते तसंच राहू दे. ठाण्याच्या कॉलेजात आम्ही एका बाकावर बसायचो आणि एकाच विषयात नापास व्हायचो. तो विषय कुठला हे सांगायला नको. त्याचं घर जुन्या गावठाणातलं, तेव्हा आजूबाजूला शेतं होती. त्याचा बापूस तापट आणि बोलघेवडा. पोराबद्दल त्याचं एकच म्हणणं असायचं, “ऐकत नाय कोनाचा.” प्रेमाने म्हणायचा तेव्हाही हेच आणि मारायला धावायचा तेव्हाही हेच.

आम्ही दोघं बरोबर ट्रेनिंगला गेलो, आणि नशीब असं की एकाच बोटीवर लागलो. त्या बोटीवरचा सेकंड ऑफिसर डोंबिवलीचा निघाला. फोनवर तो आईशी बोलताना आम्ही ऐकलं: “अगं, पोळ्या कुठल्या इथे!” आम्हाला केवढा आनंद झाला. दुसऱ्या दिवशी पॅसेजमध्ये गाठून मी म्हटलं, “सर, आम्ही पण ठाण्याचे.” त्याने आमच्या दोघांकडे पाहिलं आणि म्हणाला, “ऑन बोर्ड, इंग्लिश प्लीज.” आणि गेला.

“प्लीज तरी बोल्ला,” मित्र म्हणाला.

बोट धक्क्याला लागते तेव्हा पुढून आणि मागून जाड दोर टाकतात आणि विंचने ओढून घेतात. मागच्या बाजूचा साहेब तो सेकंड ऑफिसर. विंचवर एक फिलिपिनो. विंचच्या ढोलावर दोराचे वेढे, आणि दोराचं मोकळं टोक धरून उभा माझा मित्र. मी कठड्यापाशी, साहेबाच्या जवळ. विंच चालवणारा फक्त साहेबाच्या हाताकडे बघतो. साहेबाने मूठ वळली की थांबायचं. त्या दिवशी कठड्याजवळ दोर ज्या रुळावरून बाहेर जातो, त्या रुळात तो अडकला. विंच ओढतच होती. दोर ताणून ताणून जाडीने निम्मा झाला, त्यातून करकर आवाज यायला लागला. साहेबाचं तोंड धक्क्याकडे, कानाला वॉकीटॉकी. मी ओरडलो, “साहेब, थांबवा, दोर अडकलाय!”

तो वळलासुद्धा नाही. म्हणाला, “इंग्लिश!”

मी शब्द शोधायला लागलो. रोप, सर. सर, रोप. पुढचा शब्द येईना. तो येईपर्यंत दोर रुळातून उसळून सुटला, ढोलावरचे वेढे सरकले आणि मित्राचा उजवा हात त्यांच्यात ओढला गेला. तीन बोटं गेली.

मी मित्राला मराठीत का हाक मारली नाही? ‘बाजूला हो’ एवढंच तर म्हणायचं होतं. विंचच्या आवाजात त्याला ऐकू गेलं नसतं, असं मी स्वतःला सांगत आलोय. पण मी तसा प्रयत्नच केला नाही. साहेब समोर असताना परस्पर दुसऱ्याला सांगायचं, हे डोक्यातच आलं नाही.

त्याला तिथल्या हॉस्पिटलात उतरवून बोट पुढे निघाली. पुढच्या बंदरात कंपनीचा माणूस चौकशीला आला. गोरा, वयस्कर, सारखा घाम पुसणारा. ऑफिसरांच्या जेवणाच्या खोलीत त्याने मला बोलावलं. कॅप्टन होता, सेकंड ऑफिसर होता. गोऱ्याने बरंच काही विचारलं आणि शेवटी एक लांब प्रश्न विचारला. त्यातले ‘ऑफिसर’ आणि ‘ऑर्डर’ एवढेच दोन शब्द मला कळले, आणि आमच्या हिशेबाने त्या दोन शब्दांना उत्तर एकच असतं. मी म्हटलं, “यस सर.”

संध्याकाळी बोसनने, म्हणजे खलाशांच्या मुकादमाने, मला बाजूला घेऊन विचारलं, “तूने ऐसा क्यों बोला? उसने ऑर्डर दिया था क्या?” तेव्हा कळलं. प्रश्न असा होता, की ऑफिसरने ‘स्टँड क्लिअर’, म्हणजे बाजूला व्हा, अशी ऑर्डर दिली होती का? आणि मी हो म्हणालो होतो. अशी ऑर्डर कोणीही दिली नव्हती. आता निकाल लागला की ऑर्डर दिली होती आणि खलाशाने ती पाळली नाही. हात गेला तो त्याच्याच चुकीने.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोरा बोटीवरच होता. मी त्याच्याकडे जाऊ शकलो असतो. गेलो नाही. माझ्या कॉन्ट्रॅक्टचे अजून बरेच महिने बाकी होते.

घरी परत आलो तेव्हा मित्राने पहिलंच विचारलं, “तुला काय इचारला त्यांनी?”

मी म्हटलं, “मला कोणी विचारलंच नाही रे. सेकंडने परस्पर सांगून टाकलं.”

“साला,” तो म्हणाला. बस, एवढंच. तो साला मी त्या साहेबाच्या खात्यात टाकला आणि त्या दिवसापासून मी त्या माणसाचा द्वेष करायला लागलो. असा द्वेष मी दुसऱ्या कशाचाही केलेला नाही. मित्र शांत झाला, मी नाही झालो. त्याच्या बापाने मात्र गावठाणात घरोघर सांगितलं, “साहेब बोल्ला बाजूला हो, तर ह्यो उभाच. ऐकत नाय कोनाचा.” मरेपर्यंत सांगत राहिला. आता त्यात प्रेम नव्हतं. मित्र गावातल्या लग्नांना जायचा बंद झाला. गेलाच तर हात खिशात.

इंग्रजीचं माझं खरं शिक्षण त्यानंतर सुरू झालं. बोटीवर फिलिपिनो पोरांबरोबर राहून, रेडिओवर बंदरवाल्यांचं बोलणं ऐकून, रंगाच्या डब्यांवरच्या सूचना वाचून. रजेवर आलो की ठाण्यात स्टेशनजवळच्या एका क्लासला जायचो. तिथे बहुतेक बायका. मुलं इंग्रजी शाळेत घातलेली, म्हणून टीचरशी बोलता यावं यासाठी आलेल्या. मॅडम म्हणाल्या, ‘माय फेव्हरिट फेस्टिव्हल’वर बोला. मी उभा राहून गणपतीवर बोललो, आणि विसर्जनापर्यंत आलो तेव्हा लक्षात आलं की मी त्या सेकंड ऑफिसरला बुडवतोय. मनात, अर्थात. बायकांनी टाळ्या वाजवल्या.

प्रत्येक बोटीवर, पहाऱ्यावर उभा असताना, मी एकच भाषण रचायचो. त्या माणसाला समोर उभा करून त्याला इंग्रजीत काय सुनवायचं ते. पहिल्या वर्षी ते दोन वाक्यांचं होतं, आणि दोन्ही चुकीची. नंतर ते वाढत गेलं. मग त्यात उपहास आला, मग अडचणीत आणणारे प्रश्न. मी बोसन झालो तेव्हा ते इतकं सफाईदार झालं होतं की कोर्टात चाललं असतं. लोक देवाचं नाव घेतात तसा मी ते रोज म्हणायचो. माझं लग्न झालं, मुलगी झाली, आई गेली. या सगळ्यातून ते भाषण मी जपून आणलं. बायकोला मी त्यातलं कधीच काही सांगितलं नाही. ती म्हणते, तुम्ही झोपेत इंग्रजी बोलता. मी म्हणतो, कामाचं असेल.

समुद्र सोडला आणि क्लास काढला. मित्र बाळकुमलाच. शेतं जाऊन टॉवर आले, आणि तो त्या टॉवरांना पिण्याच्या पाण्याचे कॅन पोचवतो. स्वतःचा टेम्पो आहे, हाताखाली दोन माणसं. गेल्या वर्षी वडापाव खाता खाता तो म्हणाला, “आरं, आपला सेकंड साहेब रं. आमच्या टॉवरात राहतो. कॅप्टन झालेला, रिटायर. पानी मीच देतो त्याला.”

मी वडापाव खाली ठेवला. “ओळखलं त्याने?”

“कॅनवाल्याच्या तोंडाकडं कोन बघतो? बेल मारली, कॅन ठेवला, निघालो.”

“आणि तू काही बोलला नाहीस?”

“काय बोलू? बावीसावा माला हाय, पन लिफ्ट हाय. पैशे पेटीएम करतो टायमावर. चांगला गिऱ्हाईक हाय.”

“अरे, त्याने तुझा हात घालवला!”

“हात दोराने घालवला,” तो म्हणाला. “तू वडा खा.”

त्याला राग येत नाही याचाच मला राग आला. त्या दिवसापासून मी त्याला पेटवायला लागलो. तुझा बाप त्याच्यामुळे तसा बोलत गेला, म्हटलं. गावात तुझं नाव त्याने खराब केलं, म्हटलं. मी इतकं बोललो, की शेवटी तो म्हणाला, “बरं बाबा, कर तुला काय करायचा हाय तो. मी येतो बघायला.”

मी काय ठरवलं ते सांगतो. आमच्या डोंबिवली-कल्याणकडे माणसाला कुठेही बोलवायचं तर एक हमखास उपाय आहे, सत्कार. शाल, श्रीफळ आणि ‘दोन शब्द’ म्हटलं की निवृत्त माणूस नाही म्हणत नाही. आमची बॅच संपत होती. मी त्या टॉवरात गेलो. दार त्यानेच उघडलं. पिकलेला, थोडा वाकलेला, चष्मा. मी मनात धरून बसलो होतो तो माणूस तिशीतला होता. क्षणभर वाटलं, पत्ता चुकला.

“अवश्य येईन,” तो म्हणाला. मराठीत. स्वच्छ, पुण्याच्या वळणाची मराठी. “तुम्ही फार चांगलं काम करताय. आपली मुलं भाषेपायी मागे पडतात हो. मी पाहिलंय ना.” त्याने चहा दिला. मी प्यायलो. साखर कमी होती. माझं नाव त्याने नीट ऐकलं आणि त्याला काही आठवलं नाही. त्याला आठवलं नाही, हे मी त्याच्या गुन्ह्यांत आणखी एक म्हणून जमा केलं.

रविवारी सकाळी गिरणी बंद ठेवायला मालकाला सांगितलं होतं. मुलं पांढऱ्या शर्टात. काहींच्या आया मागे सतरंजीवर. मित्र इस्त्रीचा शर्ट घालून आला आणि शेवटच्या ओळीत, भिंतीला टेकून बसला, उजवा हात खिशात. मी त्याच्या जवळ जाऊन म्हटलं, “आज मजा बघ.”

“नारल मोठा आनलायस,” तो म्हणाला.

मी कॅप्टनच्या खांद्यावर शाल घातली. तो बोलला चांगलं. मुलांना म्हणाला, लाजू नका, कळलं नाही तर कळलं नाही म्हणा, त्यात कमीपणा नाही. हे वाक्य त्याच्या तोंडून ऐकलं आणि मी मनात माझं भाषण पुन्हा एकदा म्हणून घेतलं. टाळ्या झाल्या. मी उभा राहिलो आणि म्हणालो की आता प्रश्नोत्तरं. पहिला प्रश्न मीच विचारतो, आणि इंग्रजीत, म्हणजे मुलांचा सराव होईल.

मग मी बोललो. ते भाषण, सगळं नाही. पंचवीसएक वर्षं घासलेल्या त्या भाषणातली फक्त शेवटची चार वाक्यं लागली. बोटीचं नाव घेतलं, बंदराचं नाव घेतलं. म्हटलं, सर, मागच्या बाजूला तुम्ही होतात. एका खलाशाचा हात विंचमध्ये गेला. चौकशीत लिहिलं गेलं की तुम्ही बाजूला होण्याची ऑर्डर दिली होती. दिली होती का? माझा उच्चार स्वच्छ होता. पुढच्या ओळीतल्या एका मुलाने कौतुकाने मान डोलावली. त्याला वाटलं, उदाहरण चाललंय.

कॅप्टनने माझ्याकडे ओळख पटल्यासारखं पाहिलं. चष्मा काढला. मला वाटलं, आता हा म्हणेल, आठवत नाही. त्यावरचं उत्तरही माझ्याकडे तयार होतं.

तो म्हणाला, “नो.”

मी थांबलो नाही. मुलांना कळावं म्हणून म्हटलं, “प्लीज रिपीट, सर.”

“आय डिड नॉट गिव्ह द ऑर्डर.” मग तो मराठीत आला, मुलांकडे बघून. “मी ऑर्डर दिली नव्हती. मी त्या वेळी दुसरीकडे बघत होतो. हा ओरडला ते मी ऐकलं होतं, आणि याला गप्प केलं. माझं सर्टिफिकेट जाईल म्हणून नंतर मी गप्प बसलो. ही सबब म्हणून नाही सांगत.”

माझा सूड तिथे पूर्ण झाला. लोक म्हणतात सुडाने समाधान मिळत नाही. खोटं आहे. मला मिळालं. पाण्याच्या पहिल्या घोटासारखं ते घशातून खाली गेलं. पुन्हा मिळालं तर मी पुन्हा पिईन.

पण तो थांबला नाही. त्याने माझ्याकडे वळून, अगदी साधेपणाने विचारलं, “पण तू हो का म्हणालास? त्यांनी विचारल्यावर तू यस सर म्हणालास, तेव्हा मी तुला तिथेच मराठीत विचारलं होतं, प्रश्न कळला ना? नाही तर सांग. तू म्हणालास, हो, कळला.”

वर चौकशीचं लिहिताना मी हे लिहिलेलं नाही. मुद्दामच. लिहायला बसलो तेव्हाही हात तेवढं गाळूनच पुढे गेला. पण त्याने विचारलं होतं. इंग्लिश प्लीजवाल्या त्या माणसाने तेवढं एकदा मला मराठीत विचारलं होतं, हळू आवाजात, आणि मी कॅप्टनसमोर, गोऱ्यासमोर, ‘नाही कळलं’ म्हणायला लाजलो होतो. कदाचित तो मला सोडवायला बघत होता, कदाचित स्वतःची खात्री करून घेत होता. ते त्याचं त्याला माहीत. मला मात्र मराठी कळत होती.

मित्र उठला. हात खिशातून बाहेर काढून, मुलांच्या मधून वाट काढत पुढे आला. कॅप्टनने त्याचा हात पाहिला, मग तोंड पाहिलं.

“तुम्ही?” तो म्हणाला. “पाणी... तुम्ही?”

“बसा साहेब,” मित्र म्हणाला. “सत्कार होऊ द्या पुरा. नारल राहिला तुमचा.” टेबलावरचा नारळ उचलून त्याने त्या तीन बोटं नसलेल्या हाताने कॅप्टनच्या ओंजळीत ठेवला. माझ्याकडे न बघता जिना उतरून गेला.

मी मागोमाग धावलो. बॅच, मुलं, पाहुणा, सगळं तसंच टाकून. टेम्पो रस्त्याच्या कडेला होता. तो स्टिअरिंगवर बसला होता, किल्ली लावलेली नव्हती. मी शेजारी चढून बसलो.

“तुला इचारला होता,” तो म्हणाला.

“हो.”

“मराठीत.”

“हो.”

“आनि तू मना येऊन काय बोल्ला?”

“मला कोणी विचारलंच नाही, असं.”

त्याने मान हलवली. “तू तवाच खरा बोल्ला असतास ना, तर तुला दोन ठेवून दिल्या असत्या, डाव्या हाताने. आनि मग बसलो असतो आपन. आता तुला मारून काय करू? पन्नाशी आली तुजी.” मग म्हणाला, “बापूस मेला माजा. ऐकत नाय कोनाचा, बोलत मेला.”

मी काहीतरी म्हणायला गेलो. तो म्हणाला, “गप.” आणि गाडी चालू केली. मला वाटलं, मला उतरवेल. त्याने उतरवलं नाही. पत्रीपूल, शीळफाटा करून त्याने थेट बाळकुम गाठलं. मागे रिकामे कॅन एकमेकांवर आपटत होते.

त्या कॅप्टनबद्दल एवढंच लिहून ठेवतो. त्याला मी माफ केलेलं नाही. त्याने खरं सांगितलं म्हणून तो सुटत नाही. ते त्याने तेव्हा सांगायला हवं होतं, एवढ्या वर्षांनी नारळाच्या बदल्यात नाही. मित्र त्याला अजून पाणी देतो. आता कॅप्टन दार उघडून आत बोलावतो म्हणे, चहा विचारतो. मित्र म्हणतो, टाइम नाय. मला हे ऐकून बरं वाटतं.

त्या रविवारी दुपारी मित्राची आयस ओटीवर बसून सुकट निवडत होती. ऐंशी ओलांडलेली, पण नजर शाबूत. मला बघून म्हणाली, “आलास रं? जेवतंस?”

“जेवन राहू दे आये,” मित्र म्हणाला. “ह्याला तुला काय तरी सांगायचा हाय.” आणि तो आत गेला. माझ्याजवळ थांबला नाही.

मी सांगितलं. मराठीत, सगळं. ऑर्डर दिलीच नव्हती, इथपासून. मला विचारलं होतं, मी हो म्हणालो, घरी येऊन खोटं बोललो, इथपर्यंत. ती सुकट निवडायची थांबली. हात पदराला पुसले. ती रडेल असं मला वाटलं होतं, किंवा शिव्या देईल. दोन्हींची मी वाट बघत होतो. त्यातलं काहीही आलं असतं तर मी मोकळा झालो असतो.

ती उठली, पायात चपला सरकवल्या आणि ओटीवरून उतरून शेजारच्या घरापुढे गेली. “गो बाय, भाईर ये,” तिने हाक मारली. शेजारीण बाहेर आली. तिचा म्हातारा आला, सून आली, सुनेच्या कडेवर नातू. “ह्यो काय सांगतो तो ऐका,” ती त्यांना म्हणाली, आणि मला म्हणाली, “सांग.”

“आये, मी...”

“म्हातारा माजा ह्या दारात येऊन बोल्ला होता, पोरगा ऐकत नाय. मी ऐकला हाय. सांग.”

मी सांगितलं. शेजारच्या म्हाताऱ्याने मान खाजवली. “जाऊ दे गो,” तो म्हणाला. “कवाची गोष्ट. आमी कवाच इसरलो.”

“मी नाय इसरले,” ती म्हणाली.

तिथून ती पुढच्या घरी गेली, मग त्याच्या पुढच्या. काही घरांच्या जागी बिल्डिंगा आल्यात. तिथे तिने वॉचमनला विचारून मजले शोधले, लिफ्टमध्ये मला आधी आत घातलं. कुठल्या दारात तिचा नवरा काय बोलला होता, कोण हसलं होतं, कोणी ‘पोरगा गुर्मीत हाय’ म्हटलं होतं, तिला सगळं पाठ होतं. एका घरी जेवणं चालू होती, तरी तिने मला उंबऱ्यात उभं केलं. एका घरी माझ्या क्लासचाच मुलगा निघाला, पांढऱ्या शर्टात, नुकताच ठाकुर्लीहून परतलेला. तो दारातून हलला नाही. मी त्याच्यासमोरही सांगितलं. प्रत्येक वेळी मी काहीतरी कमी करायला बघायचो, आणि ती म्हणायची, “आनि घरी येऊन काय बोल्लास तो? तो पन सांग.”

ऊन कलायला लागलं तेव्हा माझा घसा बसला होता. मी म्हटलं, “आये, बाकीच्यांना उद्या सांगतो. मी स्वतः येईन. शप्पथ.”

तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. देवळाच्या मागची आळी अजून राहिली होती. ती पुढे चालायला लागली होती, भराभर, तिच्या वयाच्या बाईने चालू नये तशी, आणि वळणावरच्या पहिल्या घराची कडी तिने मी पोचायच्या आतच वाजवली.